तांबूचा ओला घास

जनावरं एकमेकांचं दुखणं विचारायची, तेव्हाची गोष्ट. तांबू शेळी पोटभर चरायची, तरी खंगत चालली होती. चढावर तिला धाप लागायची. खाणं कमी पडतंय, असं समजून ती कळपाआधीच तळ्याकाठचं दवानं भिजलेलं गवत खाऊ लागली. तर उरलंसुरलं बळही गेलं!

म्हातारी मेंढी तिच्या डोळ्यात डोकावली. "पापणी आतून पांढरीफटक आहे गं! पोटातले जंत रक्त पितात. त्यांना जाळायला अंग आग पेटवतं, त्यात तुझंच बळ जळतं."

"पण जंत आले कुठून?"

"ओल्या गवतावरून. आधी थोडेच होते, तू दवातलं गवत खाऊन आणखी गिळलेस. म्हणून तर कळप दव वाळेपर्यंत थांबतो."

तोंडातला घास गिळावा की थुंकावा, तांबूला कळेना.

"अगं बाई, मग मी इतके दिवस कुणाला चारत होते?"