चौघांची जाग

एका राज्यात जाग चारच जणांपुरती उरली होती. कालजंघ मांत्रिकाचा शापच तसा: पाचव्याचे डोळे उघडले, की जो थांबला असेल त्याचे मिटायचे. बाकी प्रजा जिथल्या तिथं निजलेली, आणि निजलेल्यांचे तळवे हळूहळू दगड होत चाललेले.

उतारा एकच. माळावरच्या दगडी कोठडीत एक झरा होता. त्याच्या ओंजळभर पाण्यानं आलेली जाग शापाला हिसकावता येत नसे. पण कोठडीचं दार एका वेळी एकालाच आत घेई, आणि तो बाहेर येईतो दुसऱ्याला उघडत नसे. राजा वीरबाहू नुकताच आत गेला होता. बाहेर प्रधान, सेनापती आणि राजवैद्य आपापल्या पाळीसाठी कोठडीभोवती गरगर फिरत होते. थांबायची कुणाची छाती नव्हती.

तेवढ्यात, शापाच्या तिसऱ्या दिवशी, महालात राणी कुंदमाला दचकून उठली. कुशीतली सहा महिन्यांची इंदुलेखा हलवूनही हलेना. तिची इवली पावलं दगडाची झाली होती. ‘लेक दगड होतेय आणि मी खुशाल झोपले! कसली आई मी!’ राणीनं लेकीला छातीशी बांधलं, माळ गाठला आणि तीही फिरू लागली.

शंभर फेरे झाले. सेनापतीच्या मिशा पांढऱ्या झाल्या. दार हललं नाही.

तोच दारावरची साळुंकी बोलली, “राणी, तीन कामं सांगते. पहिलं, दाराला कान लाव.”

राणीनं चालता चालता कान लावला, आणि तिच्या अंगावर काटा आला. आत कुणी घोरत होतं. ते घोरणं ती लग्नापासून ओळखत होती!

“दुसरं, जागे मोज.”

“प्रधान, सेनापती, वैद्यबुवा... आणि मी. चार.” आतल्याला कुणी मोजलंच नव्हतं! झऱ्यावर वाकून थांबलेल्या राजाची जाग तिनंच, दचकून उठून, काढून घेतली होती.

“थांबा हो!” ती ओरडली. “आपण जागे आहोत म्हणून ते निजलेत!”

“थांबलो तर निजलो, राणीसाहेब!” प्रधान धापा टाकत म्हणाला. “आपणच थांबून पाहा.”

“तिसरं,” साळुंकी म्हणाली, “उंबऱ्यावर नीज. तिथं ठेवलेली जाग आतल्याला मिळते.”

“आणि मला उठवायला विसरले तर? लेकीकडे कोण बघेल?”

“फिरून तरी काय बघितलंस?”

लेकीला कवटाळून राणी उंबऱ्यावर आडवी झाली. डोळे मिटताना तिला वाटलं, याहून मोठी चूक कुठल्या आईनं केली नसेल.

आतलं घोरणं थांबलं. दार उघडलं. स्वतःच्या डोळ्यांना पाणी लावून, ओंजळ भरून आलेला राजा पाऊल उचलतो तो काय, उंबऱ्यावर बायको आणि लेक दोघी निजलेल्या! ओंजळ एकच. मग त्यानं पाणी लेकीच्या पापण्यांवर सोडलं.

इंदुलेखेनं टाहो फोडला. शापाला ना तिची जाग हिसकावता आली, ना थांबलेल्या राजाची; चौघांच्या राज्यात पाचवे डोळे उघडे राहिले, आणि शाप तडकला. त्या टाहोनं आधी राणी उठली, मग सारं राज्य. पावलं पुन्हा मऊ झाली.

पुन्हा कधी असा शाप पडलाच तर म्हणून राजानं कोठडीवर कोरून घेतलं: ‘आतला जागा असेल तर चार फेरे घालावेत. आतला निजला असेल तर आपणही निजावं. बाहेर पडणाऱ्यानं उंबऱ्यावरच्या एकाला उठवावं.’

त्या राज्यात पुढं सगळे वेळेवर निजू लागले, वेळेवर उठू लागले. राणीला मात्र इंदुलेखा रात्र रात्र जागवी. पण त्याला काही शाप म्हणत नाहीत.