बिनशिवणीचा अंगरखा

खूप खूप वर्षांपूर्वी, उंदीर जेव्हा अंगरखे घालत आणि खारींची पिल्लं पाटी घेऊन शाळेत जात, त्या काळात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाभोवती दगडी कुंपण होतं. आत उंदीर, घुशी आणि खारी राहत. वेशीवर एक थोराड साळिंदर पहारा करी. त्याचे गळालेले काटे गावात सुया म्हणून वापरले जात.

कुंपणाबाहेर रान होतं. तिथं राहणाऱ्यांना गावकरी 'वनचर' म्हणत. वनचर कपडे घालत नाहीत, भेटल्यावर मिशा खाली करून नमस्कार करत नाहीत, म्हणून गावाला त्यांची थोडी कीवच वाटे. तरी त्यांच्याशी कसं वागावं हे प्रत्येक मुलाला शिकवलं जाई. त्यासाठी शाळेत एक जाड पोथी होती. एका पानावर एक वनचर. वर चित्र, खाली दोन ओळी. 'गोगलगाय. वाटेत आली तर आपणच वळसा घालावा.' 'गोम. नमस्कार लांबूनच.' 'बेडूक. फार बोलतो, घाईत असाल तर थांबू नये.'

त्या पोथीत एक पान मात्र कोरं होतं.

पूर्वी त्यावर चित्र होतं म्हणे. ते पाहून मुलं झोपेतून रडत उठत. मग त्या वेळच्या वडीलधाऱ्यांनी मायेपोटी ते चित्र धुऊन टाकलं आणि त्या वनचराचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं. आधी नुसतं 'लांबडं' म्हणत. पुढं तेही म्हणेनासे झाले. सात पिढ्या गेल्या. मुलं शांत झोपू लागली, आणि ते पान कशाचं होतं हे कुणालाच आठवेना.

त्या गावात एक शिंपीण राहत होती. होती उंदरीण, पण डोळा असा की नुसती नजर फिरवली की माप घेई. कुणाचा खांदा उतरता, कुणाची शेपूट जाड, सगळं तिला पाठ. एक दिवस ती धाग्यासाठी घायपाताचा वाख आणायला कुंपणाबाहेर गेली आणि तिला दोन दगडांच्या सांदीत एक कपडा सापडला.

मुलांनो, तुम्ही हसाल. तुम्हाला कळलंच असेल तो कपडा कसला ते. पण तिला कळलं नाही. आणि त्यात तिचा काय दोष?

तिनं तो घरी आणून अंगणात पसरला. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पुरला. बघता बघता सगळं गाव जमलं.

"पातळ किती आहे! मलमल का?" एक घूस म्हणाली.

"बाही नाही, गळा नाही. हा अंगरखा कसला? ही उशीची खोळ!" दुसरी म्हणाली.

"एवढी लांब उशी? मग डोकं केवढं असेल, काकू?"

शिंपीण मात्र गोंधळून कपडा उलटसुलट करत होती. "हा उलटा काढलाय. आतली बाजू बाहेर आली आहे. आणि बघा ना, याला शिवण कुठंच नाही. शिवणीशिवाय कपडा होतो कसा?"

तिनं तो हलक्या हातानं सुलटा केला, तेव्हा एका टोकाला दोन गोल, पारदर्शक भिंगं दिसली.

"अगंबाई, चष्म्यासकट!" घूस म्हणाली.

गर्दीत दोरीवाले आजोबा उभे होते. पाठीला मोठं पोक आलेले, गावभर सगळ्यांची चेष्टा करणारे. ते म्हणाले, "शिंपीणबाई, कुणाचा नसेल तर मला दे. माझ्या दोऱ्या ठेवायला बरा आहे. पोक तेवढं बाहेर राहील."

"तुमच्या पोकासकट माप घेणारी मी एकटीच आहे आजोबा, विसरू नका," ती हसून म्हणाली. पण तिला हसूही नीट येत नव्हतं.

कारण गावाचा एक नियम होता. सापडलेली वस्तू तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत ज्याची त्याला पोचवायची. नाही पोचवली, तर ठेवणाऱ्याच्या दारावर काळी रेघ ओढत. त्या दाराशी मग कुणी काम घेऊन जात नसे. शिंपिणीचं सगळं आयुष्य त्या दाराशी येणाऱ्या कामावर चाललं होतं.

"मी उद्या वाख आणायला बाहेर जातोच आहे," आजोबा म्हणाले. "वाटेत चौकशी करतो. तसाच पुढं रानापलीकडच्या गावात लेकीकडे मुक्कामाला जाईन. पण तू घाबरू नकोस. एवढ्या लांब कपड्याचा मालक लपून लपणार कुठं?"

दुसऱ्या दिवशी आजोबा गेले. शिंपिणीनं दिवसभर बसून कपडा दुरुस्त केला. तोंडाशी तो फाटला होता. फाटकी वस्तू परत करणं तिला बरं वाटेना. तिनं कडा आत घेऊन बारीक टाके घातले. गळा थोडा अरुंद झाला, पण फाटक्यापेक्षा बरा दिसू लागला.

संध्याकाळी ती शाळेत गेली. गुरुजी म्हणजे पांढऱ्या मिशांची एक म्हातारी खार. वनचर कपडे घालत नसले तरी गावात एवढं लांब कुणीच नव्हतं, म्हणून त्यांनी पोथी उघडली.

"गांडूळ? नाही, तोकडं पडेल. सरडा? त्याला पाय आहेत, चार बाह्या लागतील. सुरवंट..." बोलता बोलता त्यांनी एक पान पटकन उलटलं.

"गुरुजी, ते पान राहिलं."

"त्यावर काही नाही."

"काही नाही, तर पोथीत का ठेवलंय?"

गुरुजी हळूच म्हणाले, "माझ्या गुरुजींनी मला ते उलटायला शिकवलं. मी उलटतो. का, ते मी कधी विचारलंच नाही बघ."

शिंपिणीनं ते पान उजेडात धरून पाहिलं, पण त्यावर एक रेघही नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिंपिणीनं कपड्याची घडी पाठीवर बांधली, अंगरख्याला सुई टोचली आणि ती रानात शिरली.

आधी तिला गोम भेटली. लांबून नमस्कार करून तिनं विचारलं. गोम म्हणाली, "बाई, मला अंगरखा शिवायचा तर तुझा जन्म बाह्या लावण्यातच जाईल. पुढं विचार."

मग तळ्याकाठी बेडूक भेटला. त्यानं घडी पाहिली मात्र, त्याचा एवढा बोलका गळा फुगलेलाच राहिला.

"खाली ठेव ते. घरी जा," तो म्हणाला.

"पण कुणाचा आहे, दादा?"

"सापाचा! आणखी कुणाचा?"

"बरं झालं, नाव तरी कळलं. कुठं राहतात हे सापराव?"

"सापराव? अगं, तुमच्यात पिल्लांना त्याचं नाव शिकवत नाहीत का? आम्ही आधी ते शिकवतो, मग पोहायला. तो समोरच्या वारुळाशी..."

तेवढ्यात गवत हललं. बेडकानं वाक्य अर्धवट टाकून पाण्यात उडी घेतली. पोथीत लिहिलं होतं, बेडूक फार बोलतो. आज तो नेमका गप्प का झाला, हे शिंपिणीला समजेना. पण सूर्य डोक्यावर आला होता. ती वारुळाकडे निघाली.

वारुळाशी उन्हात कुणीतरी पहुडलं होतं. लांब, नवं, चकचकीत. अंगावर अगदी तीच वीण. शिंपिणीचा जीव भांड्यात पडला. मालक सापडला! तिनं मिशा खाली करून नमस्कार केला.

"साहेब, तुमचा अंगरखा दगडांच्या सांदीत पडला होता. परत करायला आले."

सापानं डोकं उचललं. आजवर एकही उंदीर त्याच्याकडे आपल्या पायांनी चालत आला नव्हता. तोही गोंधळला.

"तू पळत का नाहीस?"

"का पळू?"

"मी कोण, ते तुला माहीत नाही?"

"खरं सांगू का, आमच्या पोथीत तुमचं पान कोरं आहे," ती ओशाळून म्हणाली. "तुम्ही राग मानू नका."

"कोरं!" सापाची जीभ बाहेर येऊन आत गेली. "राग कसला? किती जण राहता तुम्ही कुंपणाच्या आत?"

"चारशेच्या वर."

"आणि कुणालाच माहीत नाही?"

तो हे इतक्या आनंदानं का विचारतोय, ते तिला कळेना. उत्तर शोधताना तिची नजर सवयीनं त्याच्या अंगावरून फिरली. बाकी सगळं अंग सारखं होतं. मधेच एक फुगवटा होता. कापडावरून आतलं अंग ओळखणं हे तर तिचं कामच. तिथं कान. तिथं दुमडलेले पाय. आणि वर एक पोक.

ते पोक तिनं आयुष्यभर मापलं होतं.

मुलांनो, त्या क्षणी शिंपिणीला सगळं कळलं. तिच्या मिशा ताठ झाल्या. तिला ओरडावंसं वाटलं. पण तिला हेही कळलं, की आपण इथं संपलो तर कुंपणाआड कुणालाच काही कळणार नाही.

तिनं घडी सोडली. आवाज रोजचा ठेवला. "साहेब, गळ्याशी थोडी दुरुस्ती केली आहे. एकदा घालून बघाल? बसतोय का ते बघितल्याशिवाय शिंपिणीनं दारातून हलू नये."

सापाचं पोट भरलेलं होतं, त्याला घाई नव्हती. आणि आजवर त्याला कुणी काही परत आणून दिलं नव्हतं. गंमत म्हणून त्यानं डोकं आत घातलं. अरुंद गळा त्याच्या जबड्यावर घट्ट बसला. जुनी, धुरकट भिंगं त्याच्या डोळ्यांवर आली. सुईत अजून धागा होता. तिनं दोन टाके घालून गळा आवळला आणि ती पळत सुटली. एका भिंगासकट एक तुकडा सुईत अडकून तिच्याबरोबर आला.

चार हिसक्यांत सापानं तो जुना अंगरखा फाडून टाकला. पण तेवढ्यात ती कुंपणाच्या आत पोचली होती.

तिनं वेशीवरच सगळं सांगितलं. गाव गोंधळून गेलं. कुणी म्हणालं, "हळू बोल, मुलं ऐकताहेत." कुणी म्हणालं, "आजोबा लेकीकडे गेलेत. उगाच अभद्र काय बोलतेस?" इतक्यात आजोबांची लेक डोक्यावर शिदोरी घेऊन वेशीतून आत आली. सगळ्यांकडे बघत तिनं विचारलं, "बाबा येणार होते. निघाले नाहीत का अजून?"

तेव्हा कुठं गावाला पटलं. शिंपिणीनं पुढं होऊन लेकीच्या डोक्यावरची शिदोरी उतरवली. मग तिला जवळ घेतलं.

सूर्य मावळला. नियमाप्रमाणे एकानं काळ्या रंगाची वाटी आणली. शिंपिणीकडे अजून तो तुकडा होताच ना! साळिंदर त्याच्यासमोर काटे फुलवून उभा राहिला. "तिनं वस्तू नेऊन दिली. रेघ ओढायची तर माझ्यापासून सुरुवात कर. मी सात वर्षं वेशीवर उभा आहे आणि कुणाला अडवायचं तेच मला माहीत नव्हतं."

वाटी परत गेली.

शिंपीण शाळेत गेली. तिनं पोथीतलं ते कोरं पान उघडलं आणि त्यावर तो तुकडा भिंगासकट शिवून टाकला. खाली गुरुजींनी दोनच ओळी लिहिल्या. 'साप. दिसताच पळावं, आणि पळताना सगळ्यांना ओरडून सांगावं.'

पुढं काही दिवस मुलं खरंच झोपेतून रडत उठली. आयांनी त्यांना थोपटलं. पण गावानं कुंपण तपासलं, तेव्हा शाळेच्या मागं एक भोक सापडलं. आत शिरणाऱ्या वाटेवर खवल्यांचे ताजे ठसे होते. त्याच दिवशी ते दगडांनी बुजवलं. त्यानंतर मुलं हळूहळू पुन्हा झोपू लागली. आता कुणीतरी जागं असे.

तात्पर्य : धोक्याचं नाव पुसून टाकलं म्हणून धोका जात नाही, जाते ती फक्त त्याची ओळख.