सुकाणूवालीने पाहिलं ते

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती जिथे घडली त्या बेटाचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकून विसरू नये.

त्या बेटावर दोन गावं होती. डोंगराच्या अलीकडे वाऱ्याकडचं गाव, पलीकडे आडोशाचं गाव. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर समुद्रात खडकांची लांब रांग होती. रांगेच्या आतलं पाणी शांत, मासळीने भरलेलं. बाहेरचं पाणी खोल आणि लहरी. आतलं पाणी दोन्ही गावांना पुरत नसे. म्हणून जुन्या माणसांनी रीत घालून दिली होती, की दर वर्षी होड्यांची शर्यत लावायची. जिंकेल त्या गावाने वर्षभर आत मासे धरायचे, हरेल त्याने बाहेर जायचं.

त्यांची होडी एकाच खोडातून कोरलेली, लांब आणि अरुंद असे. ती कलंडू नये म्हणून डाव्या अंगाला, दोन आडव्या दांड्यांना एक हलकं लाकूड बांधत. त्याला म्हणायचं उलांडी. होडीत सहा जण एकामागे एक बसत, सगळ्यांची तोंडं पुढे. पहिला ताल धरी. तिसरा मोजून ‘हो!’ अशी हाक देई, की सगळे वल्ह्याची बाजू बदलत. आणि सर्वांत मागे बसे तो सुकाणू धरणारा.

वल्हवणाऱ्याने मान वळवायची नाही, हा पहिला धडा. एकाने मागे पाहिलं तरी ताल मोडे. चहूकडे पाहण्याचं काम एकट्या सुकाणूवाल्याचं.

आणखीही एक रीत होती. शर्यतीत होडी उलटून कुणी मदतीसाठी वल्हं उभं धरलं, तर दुसऱ्यांनी माघारी फिरायचं आणि त्यांना आधी वर काढायचं. मग ती शर्यत मोडली असं समजून आठ दिवसांनी पुन्हा लावत. त्यात कुणाची हार नसे.

वाऱ्याकडच्या गावात सुकाणू धरायची एक पन्नाशीची बाई. पाण्याचा रंग पाहून ती तळाचा खडक सांगे. पण तिचं गाव लागोपाठ सात वर्षं हरलं होतं. सात वर्षांत बाहेरच्या पाण्याने त्या गावाचे अकरा पुरुष नेले. त्यात तिचा भाऊ होता. भावाची पोरकी मुलगी तिनेच वाढवली, आणि आता ती भाची होडीत पहिल्या जागेवर बसून ताल धरत होती.

तिसऱ्या जागेवर हाक देणारी होती, आडोशाच्या गावाहून लग्न होऊन आलेली एक सून. तिचा धाकटा भाऊ त्या वर्षी समोरच्या होडीत होता. निघण्याआधी बहीणभाऊ वाळूत भेटले.

“ताई, आज तुम्हांला हरवणार हं आम्ही.”

“हरव की. पण उलांडीच्या दोऱ्या नीट आवळल्यास ना?”

“आवळल्या गं बाई. किती काळजी करशील!”

शंख वाजला, होड्या सुटल्या. खडकांच्या बाहेरून बेटाच्या टोकाला वळसा घालून यायचं, अशी ती वाट. पहिला अर्धा पल्ला दोन्ही होड्या अंगाला अंग लावून चालल्या. मग टोकापाशी सुकाणूवालीने पाण्यातली एक ओढ हेरली, होडी त्या ओढीत घातली आणि ती पुढे निघाली.

तेवढ्यात डोंगरावरून वाऱ्याचा झोत आला. सुकाणूवालीने पलीकडचे किती मागे राहिले ते पाहायला मान वळवली.

मागची होडी उलटलेली होती. लाटांवर तिचं काळं पोट दिसत होतं. होडी उलटणं त्या लोकांना नवं नव्हतं. धरून, फिरवून, पाणी उपसून ते पुन्हा बसत. पण सुकाणूवालीला आणखी काहीतरी दिसलं. उलांडी तुटून होडीपासून दूर चालली होती. उलांडीवाचून होडी सरळ राहत नाही, हे त्या बेटावरचं पोरही जाणत होतं. पाण्यात एकाने वल्हं उंच धरलं होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे पाहिलं.

तिच्यापुढे पाच पाठी एका तालात वाकत होत्या. तिसऱ्या पाठीकडे तिची नजर गेली. आपण एक शब्द बोललो, की ही बाई वल्हं टाकेल. आठ दिवसांनी पुन्हा शर्यत लागेल, आणि तेव्हा पाण्याची ही ओढ मिळेल न मिळेल. सात वर्षं तिच्या डोळ्यांपुढून गेली. पाण्यातल्यांना कुणीतरी पाहील, असं तिने मनाला सांगितलं.

तिने तोंड पुढे केलं.

“आत्या, ते कुठवर आलेत?” भाचीने मान न वळवता ओरडून विचारलं.

“मागे आहेत,” ती म्हणाली. “तू मार वल्हं.”

वाऱ्याकडचं गाव जिंकलं. बायांनी सहा जणांच्या गळ्यात फुलांच्या माळा घातल्या. म्हाताऱ्यांनी सुकाणूवालीच्या कपाळाला कपाळ लावलं. खड्ड्यात भाजलेले कंद निघाले, ढोल वाजले. दुसरी होडी अजून का येत नाही, हे पहिल्यांदा हाक देणारीनेच विचारलं.

होड्या शोधायला निघाल्या. संध्याकाळी त्या चौघांना घेऊन परतल्या. उलांडीच्या लाकडाला धरून ते चौघे तरले होते. दोघे हाती लागले नाहीत. त्यांतला एक हाक देणारीचा भाऊ.

चौघांतल्या एकाला थकव्याने धड उभं राहता येईना, पण सुकाणूवालीकडे बोट करून तो बोलला. “मी वल्हं उभं धरलं होतं. तुमची होडी हाकेच्या अंतरावर होती. हिने वळून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.”

ढोल थांबले. हाक देणारी सुकाणूवालीसमोर येऊन उभी राहिली. गळ्यात अजून माळ होती.

“तुम्ही पाहिलंत?”

“पाहिलं. मला वाटलं, होडी सरळ करतील ते.”

“उलांडी जागेवर होती का?”

सुकाणूवालीने नजर वाळूकडे वळवली.

“होती का, एवढंच सांगा.”

“नव्हती.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तू थांबली असतीस.”

“थांबलेच असते!” ती बाई म्हणाली. “तुम्ही सांगाल, या भरवशावर तर मी तुमच्याकडे पाठ करून बसले होते.”

तिने माळ काढून वाळूत ठेवली आणि त्याच रात्री डोंगर ओलांडून माहेरी गेली. ती पुन्हा आली नाही.

आडोशाच्या गावाने भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली जाळी आतल्या पाण्यातून उचलली आणि बाहेर गेले. वाऱ्याकडच्या गावानेही सुकाणूवालीला शिक्षा केली नाही. तिच्याइतकं पाणी ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि आतलं पाणी तर सगळ्यांनाच हवं होतं. चुलीवर मासळी शिजे, लोक मुकाट्याने खात.

काही महिन्यांनी अळूला कीड लागली. शेजारच्या बेटावरून लावणीचे कंद आणायचं ठरलं. सुकाणूवाली, भाची, तीन जुने गडी आणि तिसऱ्या जागेवर एक नवी मुलगी, असे सहा जण निघाले.

जाताना सगळं ठीक झालं, असं वाटलं. पण सुकाणूवालीच्या लक्षात आलं, की कुणी ना कुणी मागे पाहतंय. आधी दुसरा, मग चौथा. डोळा चोरून, खांद्यावरून. होडी डुले. त्यांना टोकायला तिला तोंड नव्हतं.

परतताना आभाळ भरून आलं, समुद्र उसळला. खडकांच्या रांगेत एकच अरुंद वाट होती, होडीपुरती. त्या वाटेच्या तोंडाशी सुकाणूवालीला लाटेखाली तपकिरी सावली दिसली.

“उजवीकडे!” ती ओरडली. “समोर खडक आहे! उजवीकडे ओढा!”

पाच जणांनी हाक ऐकली. आणि पाचही जणांनी मागे वळून तिच्या तोंडाकडे पाहिलं.

श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ गेला. वल्ही पाण्याबाहेर थबकली होती. लाटेने होडी उचलली आणि खडकावर आपटली.

पुढच्या जागेवर भाची होती. होडीच्या पुढच्या टोकाचे तुकडे झाले आणि ती खडकावर आदळून पाण्यात पडली. बाकीचे खडकांना धरून रक्तबंबाळ अंगाने किनाऱ्याला लागले. सुकाणूवालीही लागली. तिने भाचीला स्वतः पाण्यातून ओढून आणलं, पण तोवर त्या देहात काही उरलं नव्हतं.

“मी सांगितलं होतं,” ती वाळूत बसून पुन्हा पुन्हा म्हणत होती. “खरं तेच सांगितलं होतं. ऐकलं नाहीत का रे तुम्ही?”

जुन्या गड्यांतला एक म्हणाला, “ऐकलं. पण तुम्ही आणखी काय सांगत नाही आहात, ते बघायला वळलो.”

सुकाणूवाली त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. पाण्याचा रंग तिला शेवटपर्यंत ओळखता येत होता. पण तिच्याकडे पाठ करून बसायला त्या बेटावर एकही माणूस तयार झाला नाही.

ज्याच्या नजरेवर बाकीचे विसंबतात, त्याने एकदा पाहिलेलं लपवलं, की पुढे त्याचं खरंही कुणाला वाचवू शकत नाही.