भिंगरीचा मुका भाग

एकदा एका वृद्ध चित्रकाराने एक मुकी गोष्ट काढली आणि साऱ्यांचे बोल ऐकून घेतले. व्यापाऱ्याने त्याला वेड्यात काढले, शेजाऱ्यांनी म्हाताऱ्याला चळ लागला असे ठरवून टाकले, आणि जिला त्याने हाताला धरून रेघ ओढायला शिकवले त्या शिष्येने तर पुन्हा तोंड न पाहण्याची भाषा केली. मी स्वतः ती गोष्ट प्रथम पाहिली तेव्हा फोनचा आवाज गेला असे समजून फोन दोनदा तळहातावर आपटला. आवाज गेला नव्हता. तो घातलाच नव्हता. का घातला नव्हता, ते आज सांगतो.

एका तालुक्याच्या गावी, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर या चित्रकाराचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या, एक जुना पंखा आणि सगळ्यावर पिठाचा पातळ थर. गाव त्यांना मास्तर म्हणे. हलती चित्रे काढणे हा त्यांचा व्यवसाय. तुम्ही-आम्ही ज्याला कार्टून म्हणून मोकळे होतो, ते. मोठ्या कंपनीच्या दावणीला बांधून न घेता मास्तर आपल्या मनाचे काढीत. टीव्हीवर रविवारी सकाळी त्यांची मालिका लागे. नळ बंद करा, बाळाला लस द्या, असे सांगणारी मधल्या वेळेतली चिमुकली चित्रेही त्यांचीच. पुढे टीव्हीने त्यांची वेळ काढून घेतली, तेव्हा मास्तर इंटरनेटकडे वळले आणि फोनच्या पडद्यावर मावतील अशा गोष्टी काढू लागले. पळून गेलेल्या चमच्याची एक होती, उन्हाला भिणाऱ्या छत्रीची एक होती. परंतु लोकांच्या तोंडी राहिली ती एकटी भिंगरी.

भिंगरी म्हणजे शेळीचे करडू. सदानकदा तोंडात पाला, आणि तो चघळता चघळता अखंड बडबड. कुणी काही सांगायला आले की हिचे आपले सुरू, "थांबा हो, आधी माझं ऐकून तर घ्या!" घरोघरची मुले हे वाक्य म्हणत आणि घरोघरच्या आया वैतागत.

हा आवाज कुमुदताईंचा. त्या बालवाडीच्या शिक्षिका. एके दिवशी दळण जाडे दिले म्हणून त्या गिरणीवाल्याशी भांडत होत्या, आणि नेमकी त्याच वेळी गिरणी थांबली. तो चिरका, लाडिक, भांडतानाही हसू फुटलेला स्वर जिन्यावरून वर गेला. मास्तर धावत खाली आले. म्हणाले, "बाई, भांडण पुरतं होऊ द्या, मग जरा वर या."

या व्यवसायात आधी आवाज आणि मग चित्र, असा क्रम असतो. बोलणे ध्वनिमुद्रित होते, चित्रकार ते पुन्हा पुन्हा ऐकतो, आणि त्याबरहुकूम ओठ, कान, भुवया काढतो. गिरणी चालू असताना ध्वनिमुद्रण अशक्य. त्यामुळे दुपारची दळणे संपेपर्यंत कुमुदताई घशासाठी ज्येष्ठमधाची काडी चघळत जिन्यावर बसून राहत, मास्तर वरच्या पायरीवर. शाळा सुटली की कुमुदताईंची मुलगी ऋजुता तिथेच येई आणि दिवसभराचे सगळे सांगे. त्या जिन्यावरच तिने मास्तरांकडून पेन्सिल धरायला शिकून घेतले. मोठेपणी ती त्यांची शिष्या झाली, आणि आवाजाचे सारे तंत्रही तिनेच हाती घेतले.

आता या मुलीच्या मनातला काटा सांगितला पाहिजे, कारण सगळी गोष्ट त्याभोवती आहे. ऋजुता शहरात कॉलेजला होती तेव्हा मैत्रिणींना घेऊन घरी आली. कुमुदताईंनी दार उघडले आणि भिंगरीच्या आवाजात म्हणाल्या, "या या, पण आधी माझं ऐकून तर घ्या!" मैत्रिणी टाळ्या पिटून हसल्या. कॉलेजात आधीच पोरे ऋजुताला पाहून बें बें करीत, तिचे डोके तडकले. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "आई, बास झाली ती बकरी. माणसासारखं बोल ना जरा!" कुमुदताई हसल्या, "बरं बाई," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. त्यानंतर स्टुडिओत भिंगरी बोलत राहिली, घरात मात्र पुन्हा कधीच बोलली नाही. ऋजुताच्या ते लक्षात आले होते. आज माफी मागू, उद्या मागू, म्हणता म्हणता राहून गेले. पुढे थोड्याशा तापाचे निमित्त झाले आणि कुमुदताई गेल्या.

भिंगरी थांबली. मास्तरांनी तिचे कागद बांधून कपाटावर ठेवले.

काही काळाने एक व्यापारी आला. इंटरनेटवर मुलांच्या गोष्टी चालवणे हा त्याचा धंदा. तो म्हणाला, "मास्तर, भिंगरी पुन्हा करा. स्टुडिओ चालवायची काळजी माझी. मात्र आवाज तोच पाहिजे. दुसऱ्या बाईचा आवाज लोक एक दिवसही ऐकून घेणार नाहीत."

मास्तर म्हणाले, "तो आवाज आता कुठून आणू?"

ऋजुता चटकन म्हणाली, "मी देते."

तिने जुनी सगळी ध्वनिमुद्रणे काढली. एका भागातला एक शब्द, दुसऱ्यातले अर्धे अक्षर, तिसऱ्यातला हेल, असे वेचून तिने आईच्या आवाजात नवी वाक्ये जोडली. जेवणखाण सोडून ती त्यातच बुडाली होती. व्यापाऱ्याने कान देऊन ऐकले आणि म्हणाला, "कमाल केलीत! अहो, बाई शेजारच्या खोलीत बसल्यात असं वाटतंय." ऋजुताचे डोळे भरून आले. बऱ्याच दिवसांनी ती हसली. मग तिने तो आवाज मास्तरांच्या स्वाधीन केला आणि चित्रांची वाट पाहू लागली.

मास्तरांनी दार लावून घेतले ते लवकर उघडले नाही. अखेर एका दुपारी, गिरणी बंद असताना, त्यांनी दोघांना बोलावले.

पडद्यावर भिंगरी आली. उंबऱ्यावर बसली. तोंडात पाल्याचा देठ. समोरून कुणीतरी तिला काही सांगत होते, पण तो सांगणारा दिसत नव्हता आणि त्याचे बोलणेही ऐकू येत नव्हते. भिंगरीने चघळणे थांबवले. देठ तसाच ओठांत राहिला. ती ऐकू लागली. मध्येच तिचा एक कान उचलला जाई, मग हळूच खाली येई. शेवटी ती थोडी बाजूला सरकली आणि पुन्हा ऐकत राहिली. झाले. एवढाच भाग. ऋजुताने जोडलेला एकही शब्द त्यात नव्हता.

व्यापाऱ्याने पडद्याकडे बोट केले. "आवाज घालायचा राहिलाय का?"

"नाही, पुरा झालाय."

"मास्तर, जी बोलते म्हणून लोक बघतात, तिलाच गप्प बसवलंत? हे कोण बघणार? तुमचं करडू तुम्हालाच लखलाभ." असे म्हणून तो जिना उतरून गेला. स्टुडिओ त्यानंतर फार दिवस तगला नाही, आज त्या खोल्यांत गिरणीवाल्याची पोती आहेत.

त्या दुपारी ऋजुता मात्र जागची हलली नव्हती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मास्तर, का असं केलंत? आईचा आवाज परत आणला होता मी! तुम्ही तिला दुसऱ्यांदा पोचवून आलात." तिला धाप लागली. "की मला शिक्षा केलीत? मी तिला गप्प बसवलं, ते सगळ्यांना दिसावं म्हणून? तसं असेल तर यापुढे तुमचं तोंड पाहणार नाही मी."

मास्तर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"ऋजू, आवाज तू बेमालूम जोडलास. मला एकही खोट सापडली नाही. तरी माझा हात चालेना. तुझी आई बोलायच्या आधी श्वास घ्यायची बघ, त्या श्वासावर मी भिंगरीचे कान उचलायचो. ही आता भांडणार की खोडी काढणार, ते मला श्वासातच कळायचं. तू जोडलेल्या बोलण्यात मी तेच शोधत बसलो. शब्द सगळे तिचेच होते. पण बोलावंसं वाटलेलं कुणी त्यात नव्हतं गं."

"श्वासही आहेत माझ्याकडे," ऋजुता हट्टाने म्हणाली. "तेही जोडते."

"जोडशील. तुझ्या हातात कसब आहे. अगदी शेवटचं वाक्य नाही का जोडलंस?"

 भिंगरीची सगळी वाक्ये संपल्यावर ऋजुताने एक वाक्य केवळ स्वतःसाठी जोडले होते, आणि मास्तरांना देताना ते काढायचे विसरली होती. "ऋजू, मी रागावले नाही गं."

"एकदाच ऐकलं मी ते," मास्तर म्हणाले. "पुन्हा ऐकायचा धीर झाला नाही."

ऋजुताला हुंदका आवरेना. "मला तेवढंच ऐकायचं होतं, मास्तर. बाकी सगळं त्या एका वाक्यासाठी केलं."

"मग ऐकलंस ना?"

"ऐकलं की. किती वेळा ऐकलं. काही वाटलं नाही. मीच जोडलंय, हे मला ठाऊक होतं ना."

मास्तरांनी मान हलवली. 

"पोरी, तुझ्या आईचं बोलून झालं. जेवढं बोलायचं तेवढं ती बोलली आणि गेली. राहिलंय ते तुझं. आपण माणसं मोठी चमत्कारिक. स्वतःचं राहिलेलं बोलायचं सोडून गेलेल्या माणसाकडूनच आपल्याला हवं ते वदवून घ्यायला बघतो. ती रागावली होती का, ते मला ठाऊक नाही. तुला बरं वाटावं म्हणून खोटं सांगणार नाही. ते आता कुणालाच कळायचं नाही, आणि तेवढं दुःख तुला बाळगावं लागेल. पण तुझं म्हणणं सांगायला तर कुणी आडकाठी केली नाही ना? म्हणून भिंगरीला मी बोलू दिलं नाही. ऐकायला बसवलं. माझ्यावर राग धरायचा तर खुशाल धर, पण एकदा तिच्याकडे नीट बघ."

एवढे बोलून मास्तर गुडघ्यावर हात टेकत उठले आणि चहा सांगायला खाली गेले.

ऋजुताने डोळे पुसले आणि भाग पुन्हा लावला. भिंगरी उंबऱ्यावर बसली. चघळणे थांबले, देठ ओठांत तसाच राहिला. हे ऋजुताने पूर्वी पाहिले होते. शाळेतून धावत येऊन ती जिन्यावर सांगायला लागली की ज्येष्ठमधाची काडी अशीच ओठांत थांबायची. मान अशीच किंचित कलायची. आणि सांगणे लांबत चालले की आई अशीच थोडी बाजूला सरकायची, बस म्हणायचीसुद्धा नाही, नुसती जागा करून द्यायची. मास्तर वरच्या पायरीवरून हे सगळे पाहत होते तर. आईच्या बोलण्याची इतकी वर्षे चित्रे काढणाऱ्या माणसाने तिचे ऐकणेही जपून ठेवले होते, आणि ऋजुताला इतक्या ध्वनिमुद्रणांत ते कुठेच सापडले नसते.

तिने भाग पहिल्यापासून लावला. या खेपेला ती पडद्याच्या अगदी जवळ बसली.

"आई," ती म्हणाली, आणि पुढचे शब्द फुटेनात. भिंगरी थांबून राहिली होती. "आई, त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुला तसं बोलायला नको होतं. मला लाज वाटली तुझी. नंतर माझीच वाटत राहिली. घरात तू परत बकरीसारखं बोलावंस म्हणून मी किती वाट बघितली, पण तोंडाने सांगितलं नाही कधी. चुकलं गं माझं."

पडद्यावर एक कान उचलला गेला आणि हळूच खाली आला. तो तिच्या बोलण्याने उचलला गेला नव्हता, हे तिला पुरते माहीत होते. कुठल्या क्षणी काय हलते ते या धंद्यात तिच्याइतके कुणाला ठाऊक? उत्तर येणार नाही, हेही माहीत होते. भिंगरी बाजूला सरकली, उंबऱ्यावर एका माणसापुरती जागा झाली, आणि ऋजुता तोवर साचलेले सगळे रडून मोकळी झाली. चहा घेऊन आलेले मास्तर दाराबाहेरच थांबले.

तेच वाक्य, मी रागावले नाही गं, तिने त्या दिवशी स्वतःच्या हाताने पुसून टाकले.

तो मुका भाग इंटरनेटवर अजून आहे. पाहणारे थोडे, आणि त्यातले बरेचसे माझ्यासारखे फोन आपटणारे. सापडला तर पाहा. न सापडला तरी चालेल. घरात कुणी काही सांगायला आले, की तोंडातले चघळणे थांबवा आणि थोडे बाजूला सरका.