बाळंतिणीचं पाणी

फार फार वर्षं झाली त्याला. डोंगराकडेच्या एका गावात प्रत्येक खाण्यापिण्यामागं एक म्हण होती. काही म्हणी खऱ्या होत्या, काही नुसत्याच जुन्या. कुठली कशी, ते बघायला कुणाला सवड नव्हती.

त्या गावात एका घरी सून बाळंत झाली. त्याच आठवड्यात गोठ्यात म्हैसही व्याली. दोघींचं करणारी सासू एकटी. पाठीचा पार काटा ढिला झाला होता बिचारीच्या.

सुनेला ती डिंकाचा लाडू देई, पण पाणी दोनच घोट. गावाची म्हणच होती, ‘बाळंतीण प्याली पाणी, बाळाला सर्दी आणी.’

सून म्हणाली, “आत्याबाई, घसा चिकटलाय हो. दूध उतरेना. लेकरू नुसतंच चोखतंय.”

“आम्ही नाही काढले दिवस? तूच तेवढी नाजूक!”

पाचव्या दिवशी बाळाचं रडणं मांजराच्या पिलाएवढं झालं.

सासू गोठ्यात गेली. कोमट पाण्यात गूळ आणि कोंडा कालवून तिनं घमेलं म्हशीपुढं ठेवलं. “पी गं बाई, पोटभर पी. पाणी नाही तर दूध कुठलं?”

तेव्हा जनावरं बोलत. म्हैस म्हणाली, “हेच सुनेला सांग की!”

“माणसाचं वेगळं असतं.”

“असं? माझी आजी याच दावणीला होती. तिनं पाहिलंय. पहिल्या बाळंतपणात तूही अशीच पाण्यावाचून कोरडी राहिलीस. तुझं पहिलं लेकरू किती दिवस जगलं?”

सासू घमेल्याशेजारी खाली बसली. आठ दिवस. दृष्ट लागली, असं सगळे म्हणाले होते. तिनंही तेच धरून ठेवलं होतं, इतकी वर्षं. आता रडायलाही बळ उरलं नव्हतं.

ती उठली. पाणी कोमट करून तांब्या सुनेच्या हातात दिला. “पी. मागशील तेवढं पी. लाडूही खा, त्यानं अंगात बळ येतं, ते खरंय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दूध उतरलं. बाळ पोटभर प्यालं आणि झोपलं.

शेजारीण दारातून डोकावली. “अगंबाई, पाणी पाजतेस हिला? पोराला सर्दी होईल ना!”

भिंतीला टेकलेली सासू डोळे न उघडताच म्हणाली, “नाक पुसता येतं, बाई. लेकरू गेलं, की काही करता येत नाही.”

म्हण कितीही जुनी असो, ती पाळून कुणाचं काय गेलं ते आधी विचारावं, मगच ती पाळावी.