उसनी जीभ

"पण बाई, उद्या तळाला कोण उतरणार?"

इंद्रनीलचं सकाळपासून हेच चाललं होतं.

कामतबाई गोणपाटावर बसून खापरं ब्रशने साफ करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मांजरा नदीच्या काठावरचं आमचं शिबिर. सकाळी गवताच्या जाती मोजायच्या, दुपारी दरडीतले मातीचे थर वाचायचे, उन्हं कलली की खणायचं. हे सगळं शिकवणाऱ्या एकट्या बाई. सत्तरी ओलांडलेल्या आणि बोलण्यात भारी काटकसरी. उद्या खड्ड्याच्या तळाचा, सगळ्यात जुना थर उघडायचा होता. जागा अरुंद, एकच जण मावणार. त्या एका जागेसाठी इंद्रनीलचा जीव टांगणीला लागला होता.

विद्यापीठात पहिला आलेला पोरगा हो! पण त्याला खणायला दिलेल्या चौकोनात चिखलाशिवाय काही निघेना. आणि शेजारच्या चौकोनात मिरजेची शमीम मुजावर. तिने खुरपी टेकवली की काहीतरी हाताला लागायचंच. कधी मणी, कधी गारगोटीचं पातं. बाई "वा, शमीम" म्हणाल्या की याचं तोंड बघावं! त्या दिवशी त्याला जेवण जायचं नाही.

"सांगा ना बाई. शमीम का?"

"आज तिला काय सापडलं?"

"काही नाही." फारच पटकन बोलला. "म्हणजे... एक तुकडा होता. दगड निघाला."

"कोणी ठरवलं?"

"तिनेच मला विचारलं."

हे खरं होतं. पहिल्याच दिवशी बाईंनी शिकवलं होतं, हाड की दगड ते कळेना झालं तर तुकडा जिभेला लावा. दगड सुटतो, जुनं हाड चिकटतं. सगळ्यांनी आधी 'शी' केलं आणि मग सगळ्यांनी लावून पाहिलं. पण शमीमचे रोजे चालू होते. दिवसभर पाण्याचा घोट नाही, तिथे माती जिभेला कुठली लावणार? म्हणून तिने तुकडा इंद्रनीलपुढे धरला. "बघ ना रे जरा." त्याने लावला, 'दगड' म्हणाला, आणि तिने उलट एक शब्द न विचारता तो ढिगावर भिरकावला.

"तू जिभेला लावलास?" बाईंनी विचारलं.

"लावला."

"मग?"

"दगडच, बाई. शंभर टक्के."

बाईंनी ब्रश खाली ठेवला...

"आण बघू तो."

खड्ड्यातून काढून टाकलेल्या दगडांचा ढीग बैलगाडीभर तरी होता. सगळे एकजात मातकट गोटे. मला वाटलं, बसला आता हा अंधार पडेपर्यंत उपसत.

इंद्रनील गेला. वाकला. उचलला. आला.

बाईंनी तुकडा तळहातावर घेतला. उलटा करून पाहिला...

"त्या ढिगात दगड किती असतील?"

"असतील... हजारो."

"त्यातला हा दगड तुला बरा सापडला."

त्याचे कान लाल झाले. तुकडा फेकल्यापासून त्याची नजर त्या ढिगावरून हलली नव्हती, हे मी पाहिलं होतं. मला आपलं वाटलं, शमीमवर खार खाऊन बसलाय आणि उगाच तिकडे बघतोय.

पलीकडच्या गावातून सूर्यास्ताची, मगरिबची अजान ऐकू आली. थोड्या वेळाने शमीम आली, ओठ ओले, ओंजळीत खजूर. एक बाईंना दिला, एक मला, एक इंद्रनीलला. त्याने घेतला आणि तसाच मुठीत धरला.

"शमीम, रोजा सुटला ना?" बाई म्हणाल्या. "हा घे. आता तू लावून बघ."

तिने तुकडा ओढणीला पुसला, जिभेला टेकवला... आणि तो सुटेना. दोन बोटांनी ओढून काढावा लागला.

"बाई, हाड! अहो, हाड आहे हे!"

हसली, टाळी वाजवली. मग तिचं हसू थांबलं. ती इंद्रनीलकडे वळली.

"तू लावलास तेव्हा नव्हता चिकटला?"

त्याच्या मुठीत खजुराचा पार लगदा झाला होता.

"चिकटला होता," तो म्हणाला. "सुटता सुटत नव्हता."

"मग?"

"तुला मिळालेलं मला बघवत नाही, शमीम. काहीच बघवत नाही."

शमीमने हाड ओढणीच्या टोकात गुंडाळलं.

"मी तुझ्या शब्दावर फेकून दिलं रे ते! बाई, उद्या मला खाली उतरवा नाहीतर नका उतरवू. पण याला माझ्या आसपास ठेवू नका."

बाई पुन्हा खापर पुसू लागल्या.

"उद्या तळाला शमीम उतरेल."

इंद्रनीलने मान हलवली आणि तो तंबूकडे निघाला. जागा गेली होती. आता शिबिरात थांबण्यात अर्थ नाही, असं त्याच्या पाठीवरूनच दिसत होतं.

"कुठे निघालास? उद्या खड्ड्याच्या काठाशी बसायचंस. ती वर देईल तो प्रत्येक तुकडा तू घ्यायचास."

"बाई!" शमीम ओरडली.

इंद्रनील वळला. "मी? मी खोटं बोललो, बाई. आत्ता, तुमच्यासमोरसुद्धा."

बाईंनी खापरावर हळूच फुंकर मारली...

"उद्याही तिचा रोजा आहे. जीभ तुझीच लागणार."