चहाच्या ग्लासाखाली

“मग आता ह्याच्यापेक्षा नवा कुठला राहिला, चाचा?”

सुयोगनं हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. मिरजेतल्या त्यांच्या त्या अरुंद दुकानात आधी रेडिओ दुरुस्त व्हायचे, मग टीव्ही, आता लॅपटॉप. टेबल तेच. ते एका मशीनचा पंखा ब्रशनं झाडत बसले होते.

सुयोगच्या पुढ्यातला लॅपटॉप जंगमबाईंचा होता. काल त्यात आपोआप अपडेट झालं आणि तेव्हापासून पडद्यावरचं चित्र थरथरायला लागलं, तुटायला लागलं, मधेच काळंठिक्कर पडायला लागलं.

बाई कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायच्या. त्यांना स्वतःलाही ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. चार वाजता त्यांचा तास. खेडोपाडीची अकरा मुलं पडद्यावर त्यांचे हात बघून शिकायची. चित्र तुटलं, की शाळाच बंद.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. बाई स्टुलावर बसून होत्या.

सुयोगचं घोडंही ह्याच मशीनवर अडलं होतं. दोन वर्षं चाचांच्या हाताखाली काढून त्याला आता स्वतःचं दुकान काढायचं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. पाटीसुद्धा रंगवून झाली होती. सकाळी त्यानं परवानगी मागितली, तेव्हा चाचा एवढंच म्हणाले होते, “बाईंचं मशीन चालू कर. मग जा.”

त्याला वाटलं, हे तर हातचा मळ.

ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र आणणारा प्रोग्रॅम, बिघडलाय हे त्यानं पाच मिनिटांत ओळखलं. पोरगा हुशार होता, नाही कशाला म्हणा. त्यानं जुना ड्रायव्हर मुळासकट उपटून काढला आणि नवा टाकला. रीस्टार्ट. थरथर. त्याच्याहून नवा टाकला. रीस्टार्ट. थरथर. कंपनीनं अजून नीट तपासलेलाही नव्हता असा एक टाकला. पडदा काळा, मग पुन्हा थरथर.

मागच्या ड्रायव्हरवर परत जायचं एक बटण असतं. ते फिकट पडलं होतं, दाबलंच जाईना. जाणार कुठं मागं? मागचं सगळं त्यानंच साफ केलं होतं.



“चाचा… ह्यात आधी कुठला होता?”

“वहीत लिहिलास की न्हाई?”

सुयोगनं वही पुढं ओढली. आजचं पान कोरं होतं.

दुकानाचा एक रिवाज होता. मशीनला हात लावायच्या आधी आत काय आहे ते वहीत उतरवायचं. सुयोगला ती म्हाताऱ्याची खोड वाटायची.

बाईंनी टेबलावर बोटानं टकटक केलं. सुयोगनं पडद्यावरची नजर न काढता त्यांना तळहात दाखवला. थांबा. ही पाचवी वेळ. त्याचा पाय टेबलाखाली नुसता नाचत होता.

साडेतीन.

“होत नाही हे,” तो एकदम म्हणाला. आवाज चिरकला. “मशीनच गेलंय, चाचा. बाईंना सांगा तुम्ही.”

“तू सांग की.”

“मला कुठं येतंय त्यांच्याशी बोलायला?”

चाचांनी ब्रश खाली ठेवला. उठून त्याच्या टेबलाशी आले. लॅपटॉपला हातसुद्धा लावला नाही. बाजूचा चहाचा रिकामा ग्लास तेवढा उचलला.

खाली एक घडी घातलेली चिठ्ठी होती. तिच्यावर ग्लासाचा गोल डाग पडला होता.

“ही कधी दिली बाईंनी?”

“आल्या आल्या… मला वाटलं, नाव-पत्ता असेल.”

“वाच.”

बाईंचं अक्षर मोठं, सुबक होतं.

‘दादा, लॅपटॉप उलटा करून बघा. खाली चाचांनी आकडा लिहून ठेवलाय.’

सुयोगनं लॅपटॉप उलटा केला. पोटाशी चिकटपट्टीखाली कागदाचा तुकडा. दोन वर्षांपूर्वीची तारीख, ड्रायव्हरच्या आवृत्तीचा आकडा आणि पुढं चाचांच्या अक्षरात दोन शब्द: ‘हा चालतो.’

सुयोगनं चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. त्याचे कान तापले होते.

चाचांनी आधी नेटची वायर उपटली. “तू घालतोयस, आणि ते अपडेट मागनं येऊन आपलंच बसवतंय. आधी दार लाव.” मग बिस्किटाच्या डब्यातून त्यांनी जुन्या ड्रायव्हरांची ती डिस्क काढली, जिला सुयोग भंगार म्हणायचा. ह्या वेळी बोटं सुयोगचीच होती, फक्त सावकाश चालत होती. त्या आकड्याचा ड्रायव्हर मिळाला. बसवला. तो परत आपोआप बदलू नये म्हणून कुलूप घातलं. मग वायर जोडली.

चारला पाच कमी असताना चित्र स्थिरावलं. अकरा चेहरे उमटले. बाईंचे हात उठले.

सुयोग त्यांच्या पाठीमागं उभा राहून तासभर बघत राहिला. एक पोरगी तिकडून हातांनी काहीतरी म्हणाली आणि बाकीची दहाही हसली. का हसली, हे त्याला कळलं नाही, आणि त्याला त्याचं फार वाईट वाटलं.

तास संपला. बाई लॅपटॉप पिशवीत घालू लागल्या. चाचा पुन्हा पंखा झाडायला बसले होते.

“चाचा,” सुयोग हळूच म्हणाला, “मशीन तर चालू झालं… मग, जाऊ का मी?”

चाचांनी पंख्यावर एक फुंकर मारली.

“बाईंना विचार.”